कुळागरातला हायब्रिड सौर संच : पाटीवरचे आकडे आणि आतले नियंत्रण

गोव्यात घरगुती सौर संच विकणाऱ्या पाचसहा विक्रेत्यांची पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर नाव झाकल्यावर कोणते पत्रक कोणाचे हे सांगता येणार नाही. पटलांची क्षमता, इन्व्हर्टरची क्षमता, बॅटरीचे किलोवॉट-तास, हमीची वर्षे आणि सत्त्याण्णव टक्क्यांच्या पुढची कार्यक्षमता एवढे सर्वांच्याच पत्रकात असते. ढग सरकला, माडाची झावळी हलली, भर दुपारी लाईनचा व्होल्टेज चढला किंवा मृगाच्या पहिल्या पावसात वीज गेली, तर हे यंत्र त्या क्षणी काय करते, याविषयी मात्र एकाही पत्रकात ओळ सापडत नाही. वास्तविक ग्राहकाने पैसे मोजावेत ते या वागणुकीसाठी, कारण पटले आणि बॅटरीच्या पेशी आता बहुतेकांच्या सारख्याच दर्जाच्या असतात. फरक पडतो तो त्यांना हाकणाऱ्या नियंत्रणात.

फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, बसविलेल्या एका हायब्रिड संचाचे, म्हणजे ग्रिडला (वीजखात्याच्या लाईनला) जोडलेल्या आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या संचाचे, हे परीक्षण आहे आणि ते पावसाळ्यासह सर्व ऋतू पाहून लिहिलेले आहे. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे मापन आणि नियंत्रणाच्या उपकरणांचे, काम करतो, त्यामुळे यंत्राच्या पाटीवरील आकड्यांपेक्षा त्याचा लूप, म्हणजे मोजून पाहणे आणि त्याप्रमाणे दुरुस्त करणे याचे आतले चक्र, कसा वागतो याकडे माझे लक्ष आधी जाते. विक्रेत्याचे आणि यंत्राचे नाव मी देत नाही. एकाच कारखान्यात तयार झालेले इन्व्हर्टर वेगवेगळ्या नावांनी बाजारात येतात, आणि पुढे जे गुणदोष सांगितले आहेत ते एका नावापुरते नसून या किमतीच्या साऱ्या वर्गाला कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

संच असा आहे. मांगराच्या (बागेतील शेडच्या) पत्र्याच्या छपरावर ५४० वॉटची दहा पटले आहेत, त्यांतील पाच पूर्वेच्या उतारावर आणि पाच पश्चिमेच्या. दोन स्वतंत्र एमपीपीटी (पटलांतून जास्तीत जास्त शक्ती काढणारे नियंत्रक) असलेला ५ किलोवॉटचा एकफेजी हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सोळा पेशींची ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ५.१ किलोवॉट-तासांची बॅटरी मांगरातच आहे. तेथून घरातील मीटरपर्यंत सुमारे चाळीस मीटरची केबल गेली आहे. जोडणीसह सर्व खर्च अनुदानापूर्वी साडेचार लाखांच्या आत बसला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यावरील घरगुती संचाला ७८,००० रुपये मिळतात. त्यासाठी पटलांतील पेशी देशी बनावटीच्या असाव्या लागतात आणि संच ग्रिडला जोडलेला असावा लागतो. कागदपत्रांचे काम विक्रेत्यानेच केले आणि ते नीट केले, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पूर्व-पश्चिम मांडणीबद्दल मात्र दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, कारण 'दक्षिण बाजू नसेल तर सौर लावू नका' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. गोव्याचा अक्षांश सुमारे साडेपंधरा अंश असल्यामुळे मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या पुढेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि पत्र्याच्या छपराचा उतार कमी असेल तर पूर्व-पश्चिम मांडणीत होणारे नुकसान फार मोठे नसते. उलट सकाळी लवकर आणि दुपारी उशिरा थोडी अधिक वीज मिळते, जी घरच्या वापराशी बरी जुळते. दोन उतारांना दोन वेगळे एमपीपीटी असणे ही त्याची अट आहे आणि या संचाने ती पाळली आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. सौर पटल स्वतःहून ठरावीक शक्ती देत नाही. त्यावर किती व्होल्टेज राखले जाते यावर ती शक्ती अवलंबून असते. व्होल्टेज शून्य असेल तर विद्युतप्रवाह भरपूर पण शक्ती शून्य, आणि परिपथ खुला असेल तर व्होल्टेज भरपूर पण प्रवाह शून्य. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी शिखर असते आणि ऊन व तापमान बदलले की ते सरकते. प्रयोगशाळेतील आकडे पेशीचे तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. एप्रिलमध्ये पत्र्यालगतच्या पटलाची पेशी ६५ अंशांना पोहोचते, आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती घटते असे धरले तर १४ टक्के तेथेच गेले. हे नुकसान कोणताही नियंत्रक भरून काढू शकत नाही. सरकलेल्या शिखरावर तो पुन्हा किती लवकर आणि किती अचूक जाऊन बसतो, एवढेच त्याच्या हाती असते.

यासाठी वापरली जाणारी सर्वांत प्रचलित रीत साधी आहे. नियंत्रक व्होल्टेज थोडे हलवून पाहतो; शक्ती वाढली तर त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकतो, घटली तर मागे फिरतो. स्वच्छ आकाशात हे उत्तम चालते. ढगाची कड सरकत असताना मात्र शक्ती वाढली ती आपल्या पावलामुळे की उन्हामुळे, हे या रीतीला ओळखता येत नाही, आणि नियंत्रक चुकीच्या दिशेने चालत राहू शकतो. पावले उन्हाच्या बदलापेक्षा पुरेशी जलद पडत असतील तर ही चूक नगण्य राहते. या यंत्राची पावले खरोखर जलद आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस, पांढरे ढग झपाझप सरकत असताना, मी पूर्वेकडील पटलांचा व्होल्टेज लॅपटॉपवर नोंदवत बसलो, तेव्हा ऊन परतल्यावर एकदोन सेकंदांत तो पुन्हा जागेवर येत होता. या किमतीत याहून अधिक अपेक्षा करू नये.

पश्चिमेकडे कथा निराळी होती. तेथे दुपारी तीननंतर शेजारच्या माडाची सावली एका पटलावर पडते. प्रत्येक पटलात तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देणारे) असतात, म्हणजे पाच पटलांच्या त्या साखळीत पंधरा तुकडे झाले. त्यांतील तीन तुकडे सावलीत गेले की शक्तीच्या आलेखाला दोन शिखरे येतात. सर्व पंधरा तुकडे चालू ठेवून सावलीतील तुकड्यांना झेपेल तेवढाच प्रवाह घेतला, तर २०५ ते २१० व्होल्टच्या आसपास एक ठेंगणे शिखर मिळते. आणि ते तीन तुकडे डायोडने वगळून उरलेल्या बारांतून पूर्ण प्रवाह घेतला, तर १६५ व्होल्टच्या आसपास दुसरे, बरेच उंच शिखर मिळते. पाऊल टाकून पाहणारी रीत जेथे उभी आहे तेथील टेकडीच चढते. मधली दरी ओलांडून पलीकडे काय आहे हे तिला दिसत नाही. आमचा संच पहिले काही आठवडे दर दुपारी ठेंगण्या टेकडीवर बसून राहिला. उपाय यंत्रातच होता. ठरावीक वेळाने व्होल्टेजचा सारा पट्टा एकदा चाळून सर्वोच्च शिखर शोधण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे. ती कारखान्यातून बंद अवस्थेत येते आणि जोडणाऱ्याने ती उघडून पाहिली नव्हती. चालू केल्यावर पश्चिमेकडील दुपारचे उत्पादन डोळ्यांना दिसेल इतके सुधारले. माड, पोफळी आणि आंब्यांच्या मध्ये घरे असलेल्या या प्रदेशात ही सोय आधीपासून चालू ठेवण्यात विक्रेत्याचे काय जाणार होते, ते कळत नाही.

नियंत्रणाचे हे वागणे मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिसले नाही. ॲप दर पाच मिनिटांची सरासरी दाखवते आणि पाच मिनिटांच्या सरासरीत सेकंदांतले चढउतार पूर्णपणे बुजून जातात. जोडणीसाठी आलेला मुलगा माझ्या वडिलांना म्हणाला, "काका, तुम्ही फक्त ॲप बघा, बाकी सगळं आपोआप होतं." वडिलांसाठी ते खरेही आहे. परंतु ज्याला परीक्षा घ्यायची आहे त्याने इन्व्हर्टरच्या आरएस-४८५ पोर्टवरून (तारेने आकडे बाहेर देणाऱ्या जोडणीवरून) मॉडबस या औद्योगिक संदेशपद्धतीने दर सेकंदाला आकडे वाचावेत. या यंत्राचे एक मोठे श्रेय असे, की ते पोर्ट कुलूपबंद नाही आणि रजिस्टरांची, म्हणजे कोणता आकडा कोठे वाचायचा याची, यादी मागितल्यावर विक्रेत्याने मिळवून दिली.

आतील रचना समजून घेताना मला आमच्या कारखान्यातील रिॲक्टरची आठवण होणे स्वाभाविक होते. जॅकेट (गरम-थंड करणारे बाहेरचे आवरण) असलेल्या रिॲक्टरचे, म्हणजे रसायनांच्या भांड्याचे, तापमान राखताना आम्ही एकात एक असे दोन लूप ठेवतो. बाहेरचा लूप आतील द्रवाचे तापमान पाहतो आणि जॅकेटचे तापमान किती हवे ते ठरवतो, तर आतला लूप वाफेचा किंवा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हलवून जॅकेटला त्या तापमानावर आणतो. आतला जलद, बाहेरचा संथ. दोघांच्या गतीत पुरेसे अंतर नसेल तर ते एकमेकांशी भांडतात आणि सारी बॅच वरखाली होते. पोफळींवर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्येही हाच सांगाडा आहे, तेथे आतला लूप कोनीय वेग सांभाळतो आणि बाहेरचा कोन. इन्व्हर्टरमध्ये आतला लूप ग्रिडला दिला जाणारा प्रवाह घडवतो आणि बाहेरचा लूप डीसी बसचे, म्हणजे पटले आणि ग्रिड यांच्यामधल्या आतल्या डीसी टप्प्याचे, व्होल्टेज स्थिर ठेवतो.

येथे एकफेजी यंत्राची एक जन्मजात अडचण आहे. ५० हर्ट्झच्या एका फेजमध्ये शक्ती सेकंदाला शंभर वेळा चढते आणि उतरते, त्यामुळे डीसी बसवर १०० हर्ट्झची लाट कायम असते. बाहेरचा लूप फार जलद केला तर तो ही लाट पुसायला धावतो आणि त्या नादात ग्रिडचा प्रवाह विद्रूप करतो. फार संथ केला तर पंप बंद झाल्यावर किंवा ढग हटल्यावर बसचे व्होल्टेज उसळून यंत्र स्वतःला बंद करून घेते. या दोहोंमधली जागा निर्मात्याने चांगली निवडली आहे. मांगरातील एक अश्वशक्तीचा पंप, घरातील मिक्सर आणि इस्त्री यांची चालू-बंद करून मी ते पडताळले आणि एकदाही यंत्राने हात टेकले नाहीत. पीआयडी नियंत्रणाचे (चूक किती, किती साठली आणि किती वेगाने बदलते यावरून दुरुस्ती ठरवण्याचे) गणित १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी, सुकाणूधारी कसा विचार करतो हे पाहून मांडले होते. शंभर वर्षांनी तेच गणित मांगराच्या भिंतीवर विजेसाठी चालू आहे, ही गोष्ट मला तरी अजून नवलाची वाटते.

सर्वांत त्रासदायक ठरला तो दुपारचा व्होल्टेज. आमचे घर ट्रान्सफॉर्मरपासून दूर, लाईनच्या शेवटाकडे आहे. अशा जागी संध्याकाळी भार वाढला की व्होल्टेज पडतो आणि दुपारी भार नसला की चढतो. लांब लाईनचा तो स्वभावच आहे. मार्चमधील दुपारी मीटरपाशी २४६ ते २४८ व्होल्ट दिसत असत. इन्व्हर्टरची वरची मर्यादा २५३ व्होल्ट, म्हणजे २३० च्या दहा टक्के वर ठेवलेली आहे. जोडणाऱ्याने मांगर ते घर ही केबल ४ चौरस मिलिमीटरची टाकली होती. प्रवाह वाहून नेण्याच्या तक्त्याप्रमाणे ती पुरेशी आहे, तापतही नाही. परंतु जाण्यायेण्याच्या ऐंशी मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.३७ ओहम होतो, आणि २० अँपिअर बाहेर ढकलताना इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज मीटरपेक्षा साडेसात व्होल्टने वर जातो. २४७ मध्ये साडेसात मिळवले की मर्यादा ओलांडली. यंत्र ग्रिडपासून सुटते. सुटताच प्रवाह शून्य होतो आणि व्होल्टेज पुन्हा २४७ वर येतो. मिनिटभर थांबून यंत्र पुन्हा जोडले जाते, हळूहळू शक्ती वाढवते आणि पुन्हा सुटते. भर उन्हाच्या वेळी, जेव्हा कमाई सर्वाधिक व्हायची, तेव्हा संच असा तासन्तास उघडझाप करत राहिला.

नियंत्रणाच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. चालू किंवा बंद अशा दोनच अवस्था असलेला नियंत्रक आणि मध्ये ठरावीक विलंब, एवढे एकत्र आले की सतत चालणारे दोलन जन्माला येते. प्लांटवर आम्ही त्याला हंटिंग म्हणतो आणि ते दिसले की आधी गेन, म्हणजे लहान बदलाला किती मोठा प्रतिसाद मिळतो ते, पाहतो. येथे गेन म्हणजे केबलचा रोध. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने सुचविलेला उपाय वरची मर्यादा आणखी वाढविण्याचा होता आणि मी तो नाकारला, कारण त्या चढलेल्या व्होल्टेजवर घरातील फ्रिज आणि दिवेही चालत असतात आणि ती मर्यादा शेजाऱ्यांच्याही संरक्षणासाठी आहे. योग्य उपाय दोन होते. केबल १० चौरस मिलिमीटरची केली, तेव्हा रोध ०.१५ ओहमच्या खाली आला आणि चढ तीन व्होल्टपुरता उरला. दुसरे म्हणजे यंत्रातील ती सोय चालू केली, जिच्यामुळे २४८ व्होल्टच्या पुढे व्होल्टेज जसजसा चढेल तसतशी शक्ती क्रमाक्रमाने कमी केली जाते. यानंतर यंत्र एकदम सुटत नाही; दुपारी थोडी वीज सोडून देते आणि उरलेली शांतपणे देत राहते.

रिॲक्टिव्ह शक्ती (प्रत्यक्ष काम न करता लाईनमध्ये ये-जा करणारी) शोषून व्होल्टेज खाली आणण्याचाही पर्याय यंत्रात आहे, पण गावातील कमी दाबाच्या लाईनमध्ये रोधाचा वाटा मोठा असल्यामुळे त्याचा उपयोग आमच्याकडे थोडाच झाला. नव्या केबलचा खर्च आम्हाला वेगळा पडला. घर आणि संच यांत अंतर असलेल्या प्रत्येकाने केबलचा जाडपणा 'किती अँपिअर झेपतात' यावर न ठरवता 'किती व्होल्टने चढेल' यावर ठरविण्याचा आग्रह धरावा, आणि तो आग्रह पैसे देण्यापूर्वी धरावा.

वीज गेल्यावरचे वर्तन हा हायब्रिड इन्व्हर्टर घेण्याचा मुख्य हेतू असतो. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईनचा व्होल्टेज पाहून त्यामागे चालतो. लाईन मेली की त्याने दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घेतलेच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. म्हणूनच छपरावर लखलखीत ऊन असूनही अशा घरात वीज नसते, आणि अनेकांना हे संच बसविल्यानंतर कळते. हायब्रिड यंत्र रिले उघडून घर लाईनपासून वेगळे करते आणि मग स्वतःच व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी निर्माण करते. अनुसरण करणाऱ्याने क्षणात नेतृत्व घ्यायचे, असा हा पालट आहे आणि तो होताना नियंत्रणाची सारी मांडणीच बदलते. आमच्या यंत्रात हा पालट २० मिलिसेकंदांच्या आत होतो. संगणक बंद पडत नाही, राउटर पुन्हा सुरू करावा लागत नाही, दिव्यांची पापणी लवते एवढेच. मात्र या अवस्थेत पंप सुरू केला तर त्याचा आरंभीचा प्रवाह नेहमीच्या पाचसहा पट असतो आणि लाईनचा आधार नसताना तो सारा इन्व्हर्टरलाच द्यावा लागतो. फ्रिज आणि मिक्सर चालू असताना पंप लावला तेव्हा यंत्र अतिभार दाखवून थांबले. हा दोष मानता येणार नाही. पण पंपाला हळू सुरू करणारा ड्राइव्ह लावल्यावर अडचण संपली, आणि हा सल्ला विक्रेत्याने स्वतःहून द्यायला हवा होता.

बॅटरीची परीक्षा जुलैने घेतली. पडद्यावर तीसच्या वर टक्के दिसत असताना एका रात्री संपूर्ण संच अंधारात गेला. बॅटरीतील संरक्षक परिपथाने व्होल्टेज खाली गेल्यामुळे तिला तोडले होते. बॅटरी खराब झालेली नव्हती. तिच्यात किती ऊर्जा उरली याचा यंत्राचा अंदाज चुकला होता, आणि तो का चुकला हे समजून घेण्यासारखे आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पेशीचे व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट असते, त्यामुळे व्होल्टेजकडे पाहून ती चाळीस टक्के भरली आहे की सत्तर, हे ओळखणे अवघड जाते. म्हणून आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह मोजून त्याची बेरीज-वजाबाकी ठेवली जाते. मापनात लहानशी कायमची चूक असेल तर ती बेरजेत साठत जाते. समजा, ०.२ अँपिअरची चूक आहे, दिवसाला ४.८ अँपिअर-तास, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत रोज जवळजवळ पाच टक्के. बॅटरी पूर्ण भरली की पेशीचे व्होल्टेज एकदम वर चढते, प्रवाह घटतो, आणि तेव्हा यंत्राला खात्रीने कळते की हे शंभर टक्के. तेथे साठलेली चूक पुसली जाते. नोव्हेंबर ते मे बॅटरी रोज भरते, म्हणून अंदाज रोज सुधारतो. आषाढात आठवडेच्या आठवडे ती एकदाही पूर्ण भरत नाही आणि चूक पुसली जाण्याची संधीच येत नाही.

चालकाविना पाण्याखाली फिरणाऱ्या वाहनांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात असतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचे असे वाहन विकसित केले आहे. पाण्याखाली जीपीएसचे संकेत पोहोचत नाहीत, त्यामुळे अशी वाहने सामान्यतः वेग आणि दिशा यांची बेरीज करत आपले स्थान अंदाजतात. बेरजेतील चूक वाढत जाते, आणि पृष्ठभागावर येऊन जीपीएस घेतले की ती पुसली जाते. आमची बॅटरी जुलैभर पृष्ठभागावर आलीच नव्हती. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेले फिल्टर (अंदाज आणि मापन यांचा मेळ घालणारे गणित) अशा ठिकाणी वापरतात, काही महागड्या बॅटऱ्यांतही ते असते; परंतु व्होल्टेजच सपाट असेल तर त्या फिल्टरलाही मधल्या पट्ट्यात फारशी माहिती मिळत नाही, म्हणून 'कृत्रिम बुद्धिमत्तेने अचूक टक्केवारी' अशा जाहिरातीवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. व्यवहारी उपाय साधा आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत आठवड्यातून एक रात्र बॅटरी ग्रिडवरून पूर्ण भरण्याचे वेळापत्रक यंत्रात लावता येते. पेशींमधील समतोल साधण्याचे कामही बॅटरी भरत आल्यावरच होते, त्यामुळे या भरण्याचा दुहेरी लाभ होतो. ते वेळापत्रक लावल्यापासून टक्केवारी विश्वासार्ह झाली आहे.

बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो. पंखा नसलेले, बंदिस्त आवरणाचे यंत्र घेतले हे बरे झाले. कुळागराच्या दमट हवेत पंख्याच्या जाळीतून मुंग्या आणि पाली आत शिरतात व पीसीबीवरच जीव देतात. केबल शिरण्याच्या जागा रबरी ग्लँडने घट्ट आहेत. वळीव आणि परतीच्या पावसातील विजांसाठी डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षक दिले आहेत. अर्थिंगचा रोध मात्र जोडणीच्या वेळी मोजून दाखविला गेला नाही, मागणी केल्यावर मोजला. ॲप देखणे आहे आणि त्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

सेवेबद्दल माझे मत मिश्र आहे. दूरध्वनीला उत्तर मिळते, माणूस येतो, बोलणे नम्र असते. तथापि आलेल्या माणसाला पटले बसविणे आणि तारा जोडणे उत्तम येते, सेटिंगच्या पानांवर काय आहे हे मात्र माहीत नसते. त्याने देशाचे नाव निवडले, तारीख लावली आणि संच चालू झाला असे जाहीर केले. कारखान्यात एखादा लूप चालू करताना आम्ही सेटपॉइंट, म्हणजे हवे असलेले मूल्य, मुद्दाम हलवून प्रतिसाद पाहतो आणि त्याचा आलेख फायलीला लावतो. घरगुती संचासाठी एवढे सोपस्कार कोणी मागत नाही. पण लाईन तोडून पाहणे, पंप लावून पाहणे, एका पटलावर कापड टाकून पाहणे आणि भर दुपारचा व्होल्टेज नोंदवणे यासाठी फार तर अर्धा दिवस पुरला असता, आणि वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बॅटरीची सोडून बाकी सर्व त्याच दिवशी निकालात निघाल्या असत्या.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन आणि जोडणीच्या सेवेला अडीच. ज्यांचे छप्पर झाडांच्या मध्ये आहे, घर लाईनच्या टोकाला आहे आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यांनी असाच दोन एमपीपीटींचा, मॉडबस खुले असलेला हायब्रिड संच घ्यावा आणि सर्व शिखरे चाळणारी व व्होल्टेजप्रमाणे शक्ती घटविणारी या दोन्ही सोयी चालू आहेत हे पडद्यावर दाखविल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ज्यांची इमारत पणजीत किंवा मडगावात ट्रान्सफॉर्मरच्या जवळ आहे, गच्चीवर सावली नाही आणि वीज क्वचितच जाते, त्यांना बॅटरीसह हायब्रिड घेण्याचे कारण मला दिसत नाही. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर त्यांच्यासाठी स्वस्त पडेल.